आल्फ्रेड विल्म

ॲल्युमिनियमचे पातेले हातून पडले की त्याला पोचा येतो, हे आपण घरोघरी पाहतो. असला मऊ धातू विमानाचा भार पेलील, असे कोणास वाटावे? तो पेलू लागला आल्फ्रेड विल्ममुळे. त्याचे नाव धातुशास्त्राच्या पुस्तकांतून आजही येते.

विल्मचा जन्म १८६९ साली त्या वेळच्या जर्मनीतील सायलेशिया प्रांतात झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन तो १९०१ च्या सुमारास बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग येथील संशोधनसंस्थेत आला. काडतुसांच्या पितळी टरफलांऐवजी हलका धातू वापरता येईल काय, हा तेथला प्रश्न होता. लोहार पोलादाला पाणी देतो, तसे तापविलेले ॲल्युमिनियम पाण्यात बुडवून कठीण करण्याचा त्याचा खटाटोप होता. यश येईना.

१९०६ साली त्याने सुमारे चार टक्के तांबे व अर्धा टक्का मॅग्नेशियम घातलेला मिश्रधातू घेतला. साधारण ५२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तो पाण्यात बुडविला. सांगतात की तो शनिवार होता. साहाय्यकाने घाईने थोडे मापन केले. उरलेले सोमवारवर गेले. सोमवारी पाहतात तो धातू कितीतरी कठीण झालेला! कोणी हात लावला नव्हता. तो नुसता पडून होता. पुढे दिसले की हे कठीण होणे चार-पाच दिवस चालते.

चिमूटभर परक्या धातूने एवढा पालट व्हावा, याचे आम्हांस फार नवल वाटते. अलीकडे ॲल्युमिनियमचा फेसासारखा सच्छिद्र पदार्थ करतात. त्यातही हेच दिसते. दाबला असता नरम मिश्रणाच्या पोकळ्यांच्या भिंती घडीघडीने दुमडतात, तर सिलिकॉन फार असलेल्या भिंती तडकून फुटतात.

विल्मच्या शोधाचे हक्क ड्यूरेन येथील कारखान्याने घेतले आणि धातूला ड्युरॅल्युमिन नाव पडले. पहिल्या महायुद्धात झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचेच होते; १९१९ साली युंकर्सचे प्रवासी विमानही त्याचे झाले. विल्म मात्र प्रयोगशाळा सोडून सायलेशियाच्या डोंगरात झालबर्ग येथे शेती करू लागला.

धातू पडल्यापडल्या कठीण का होतो? विरघळलेले तांब्याचे कण धातूच्या अंतरंगात हळूहळू एकत्र येतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. क्ष-किरणांच्या साहाय्याने हे कणसमूह गिनिए व प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे दाखविले, ते १९३८ साली. विल्म त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९३७ मध्ये, झालबर्गला वारला होता.