गुणसूत्रांच्या दुपटीचा शोध घेणाऱ्या जानकी अम्मल

डॉ. ई. के. जानकी अम्मल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळमधील तेल्लीचेरी येथे झाला. मुलींचे विवाह लवकर उरकण्याचा तो काळ. जानकींनी मात्र अविवाहित राहून वनस्पतिशास्त्राची कास धरली आणि १९३१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली.

कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात त्यांनी ऊस आणि मका यांचा संकर घडवून आणला. पेशीविभाजनात चूक होऊन गुणसूत्रांचे सगळे संच दुप्पट झाले, तर वांझ संकरही फलक्षम होऊ शकतो आणि नवी जाती जन्मास येते. ही ‘बहुगुणितता’ त्यांच्या संशोधनाचा गाभा ठरली. इंग्लंडमध्ये सिरिल डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश १९४५ साली सिद्ध केला. विस्ली येथील उद्यानात, सोनचाफ्याच्या प्राचीन कुळातील मॅग्नोलियाच्या रोपांवर त्यांनी कॉल्चिसिनचे प्रयोग केले. मॅग्नोलियाचा एक प्रकार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून १९५१ साली त्या मायदेशी परतल्या. उतारवयात सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणात बुडू नये म्हणून त्या विरोधाला उभ्या ठाकल्या. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. ते अरण्य राष्ट्रीय उद्यान झाल्याचे त्यांना पाहता आले नाही. त्याची घोषणा त्याच वर्षी नोव्हेंबरात झाली.

सर्व सपुष्प वनस्पतींच्या समान पूर्वजातच जनुकसंचाची दुप्पट झाली होती, हे अंबोरेला या झुडपाच्या जनुकीय आराखड्यावरून २०१३ साली स्पष्ट झाले. जानकी अम्मल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या गुणसूत्रांमागे एवढा दीर्घ इतिहास दडला होता.