तरवारीकडून बियाण्याकडे : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे

नाताळाचा सण जवळ आला म्हणजे आपल्या खेड्यांतील प्रार्थनामंदिरे सजविण्याकरिता मुले केळीचे खुंट, झेंडूच्या माळा आणि लाल पानांच्या फांद्या घेऊन येतात. ही लाल पाने ज्या झाडाची, त्यास पॉइन्सेटिया असे नाव आहे. पुष्कळांस ती फुले वाटतात. परंतु खरी फुले मध्यभागी असणारी बारीक पिवळी बोंडे होत, आणि भोवतालचा लाल भाग पानांचाच असतो. रात्री मोठ्या होऊ लागल्या म्हणजे ही पाने रंग घेतात. ज्या झाडावर रात्रभर दिव्याचा उजेड पडतो ते नाताळ आला तरी हिरवेच राहते. हे झाड मूळचे मेक्सिको देशाचे. तेथील लोक त्यास नाताळाच्या पूर्वरात्रीच्या नावानेच ओळखतात. त्या देशात अमेरिकेचे वकील म्हणून गेलेले पॉइन्सेट नावाचे गृहस्थ ह्यांनी सुमारे १८२८ साली ते आपल्या देशी पाठविले, आणि त्यांचेच नाव त्यास पडले.

हे झाड लाविणे सोपे आहे. फांदी तोडावी, चीक गळून सुकू द्यावा, आणि जमिनीत खोवावी. परंतु फांदीपासून झालेले झाड हुबेहूब आपल्या आईसारखे होते. त्याच्यात नवे काही येत नाही. फिक्या, पांढऱ्या किंवा गुलाबी पानांचे नवे वाण पाहिजे असेल तर क्वचित आपोआप निराळी फुटलेली एखादी फांदी शोधून राखावी लागते, अथवा एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर घालून बी धरावे लागते, आणि त्या बियांपासून उगवलेल्या शेकडो रोपांतून एखादेच निवडावे लागते. ह्या कामास वर्षे लागतात, आणि बहुतेक रोपे टाकूनच द्यावी लागतात. हे काम शोभेच्या झाडावर केले तर डोळ्यांस आनंद होतो. तेच धान्यावर केले तर गरिबाचे पोट भरते. मेक्सिको देशात जाऊन हे दुसरे काम करणारा एक मनुष्य आपल्या मराठी मुलखातला होता. त्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

चंदगडच्या डोंगरात राहणाऱ्या आपणांवर त्या दूरच्या खंडाचे ऋण थोडे नाही. आपल्या माळावरची रताळी, चटणीतली मिरची, परसातला मका आणि उतारावरचे काजू ही सर्व अमेरिका खंडातून पोर्तुगीज लोकांच्या गलबतांतून समुद्र ओलांडून आली. त्यांपैकी मका तर मेक्सिकोतच जन्मास आला. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी एका रानगवतापासून तो निवडून निवडून तयार केला. ज्या देशाने आपणांस मका दिला त्या देशास एका मराठी मनुष्याने मक्याचे नवे वाण करून दिले, ही गोष्ट आपल्या मुलांस ठाऊक असली पाहिजे.

पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण वर्ध्यास व पुढले नागपुरास झाले. त्यांच्या बाळपणी मध्यप्रांतावर १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ ओढवले. त्याच दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुलांस आश्रय दिला होता, आणि आपल्या पुष्कळ मंडळ्यांतील घराण्यांचा वृत्तांत तेथूनच सुरू होतो. वर्ध्यासारख्या कापसाच्या मुलखात अन्नावाचून माणसे मरतात हे ज्या मुलाच्या डोळ्यांसमोर घडले, त्याच्या मनावर त्याचा ठसा उमटल्यावाचून कसा राहील?

तरुणपणी ते लोकमान्य टिळकांच्या चळवळीने भारून गेले. परक्या सत्तेपासून देश सोडविण्यास शस्त्र हाच एक मार्ग आहे अशी त्यांची समजूत झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांनी घर सोडले, आणि जपानवरून ते अमेरिकेस पोहोचले. पदरी पैसा नव्हता. मजुरी करावी आणि शिकावे असा त्यांचा क्रम होता. कॅलिफोर्नियात त्यांनी लष्करी शिक्षण घेतले. त्याचबरोबर शेतकीचाही अभ्यास चालू ठेविला, आणि १९१३ साली वॉशिंग्टन संस्थानाच्या सरकारी विद्यालयातून ते पदवीधर झाले. एका हाताने बंदूक शिकणारा व दुसऱ्या हाताने नांगर शिकणारा असा हा विद्यार्थी होता. त्यांपैकी कोणता हात पुढे यावयाचा हे त्या वेळी त्यांस स्वतःसही कळले नसेल.

प्रथम बंदुकीचा हात पुढे आला. अमेरिकेतील हिंदी मजूर व विद्यार्थी ह्यांनी १९१३ साली गदर पक्ष स्थापिला. त्याच्या मूळ पुरुषांत खानखोजे होते, आणि लढ्याची तयारी हा त्यांचा भाग होता. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच इंग्रजांवर बाहेरून चाल करून जाण्याचे स्वप्न घेऊन ते इराणाकडे निघाले. तेथील भटक्या टोळ्यांत ते राहिले, लढले, जखमी झाले, शत्रूच्या हाती सापडले व निसटलेही. परंतु ज्यासाठी हे सर्व सोसले ते साधले नाही. इकडे हिंदुस्थानात गदर पक्षाचा उठाव १९१५ साली फुटण्यापूर्वीच चिरडला गेला. त्यांचे जिवलग सोबती विष्णु गणेश पिंगळे हे पुण्याकडील तरुण त्यात पकडले गेले आणि त्याच वर्षी लाहोर येथे फाशी गेले. युद्ध संपल्यावर खानखोजे बर्लिन व मॉस्को येथे फिरले. चाळिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या ह्या पुरुषाजवळ घर नव्हते, कुटुंब नव्हते, आणि मायदेशाचे दार तर बंदच होते. इंग्रज सरकारच्या लेखी ते बंडखोर होते.

अशा स्थितीत १९२४ साली ते मेक्सिकोस गेले. तेथे १९१० पासून मोठी राज्यक्रांती झाली होती. जमीनदारांच्या विस्तीर्ण जमिनी काढून भूमिहीनांस वाटून देण्याचे काम सुरू होते. परंतु जमीन हाती आली म्हणून पीक येतेच असे नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसास स्वतःचे बी नसते, औत नसते, आणि सल्ला विचारावयास जागा नसते. ही स्थिती आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस समजावून सांगण्याची गरज नाही. खानखोजे ह्यांस तेथील चापिंगो गावच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापकाचे काम मिळाले. अमेरिकेत मजुरी करीत मिळविलेली विद्या आता कामास आली.

मक्याच्या पिकात देवाने एक मोठी सोय करून ठेविली आहे. त्याचा नर शेंड्यावरच्या तुऱ्यात असतो आणि मादी खाली कणसात असते. कणसातून जे रेशमासारखे केस बाहेर येतात, त्यांतील एकेका केसाच्या मुळाशी एकेक दाणा भरावयाचा असतो. ज्या केसावर पराग पडला नाही त्याचा दाणा रिकामाच राहतो. तेव्हा केस बाहेर येण्यापूर्वी कणसावर पिशवी बांधावी, निवडलेल्या झाडाच्या तुऱ्यातील पराग कागदात झाडून घ्यावा, तो त्या केसांवर टाकावा, आणि पुन्हा पिशवी बांधावी. अशा रीतीने दोन ठाऊक असलेल्या झाडांचा संकर होतो. काम हाताचे व डोळ्यांचे आहे. परंतु खरी परीक्षा पुढे असते. आलेले बी पेरावे, वाढलेल्या झाडांतून चांगली निवडावी, बाकीची सोडावी, आणि पुन्हा पेरावे. असे वर्षानुवर्षे चालते.

मेक्सिकोच्या शेतांच्या बांधांवर तेओसिंते नावाचे एक रानगवत उगवते. तेच मक्याचे मूळ होय. त्याचे कणीस बोटाएवढे, आणि त्यात पाच ते बारा कठीण दाणे असतात. शेतकरी त्यास तण समजून उपटून टाकीत. खानखोजे ह्यांनी ह्या टाकून दिलेल्या गवताचा मक्याशी संकर करून त्यापासून काय निघते ते तपासिले. ज्याची किंमत कोणी करीत नाही त्यात कणखरपणा लपलेला असतो, हे त्यांनी ओळखिले होते. १९३० साली मक्याच्या नव्या वाणांविषयीची त्यांची पुस्तिका चापिंगो येथून निघाली, आणि १९३६ साली त्यांच्या ग्रानादा म्हणजे डाळिंब नावाच्या मक्यावरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. अवर्षण व थंडी सोसणारी पिके गरीब शेतकऱ्याच्या हाती यावी ह्या हेतूने त्यांनी मक्याबरोबर गव्हावर व कडधान्यांवरही काम केले.

परंतु विद्यालयाच्या भिंतींआड राहिलेले ज्ञान शेतकऱ्यास काय कामाचे? म्हणून १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस खानखोजे व त्यांचे मित्र ह्यांनी खेड्यांत मोफत शेतकी शाळा काढिल्या. त्यांत फी नव्हती. शेतकरी व त्याची मुले दोघेही येऊन शिकत. सुप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा ह्या कामात त्यांचे सहायक होते. त्याच रिव्हेरांनी मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या इमारतीच्या भिंतीवर १९२८ साली एक चित्र काढिले. मेजाभोवती नाना वर्णांची साधी माणसे बसली आहेत, आणि मुख्य जागी बसलेला एक सावळा पुरुष भाकर मोडीत आहे. तो पुरुष म्हणजे आपले खानखोजे. चित्राचे नाव प्रभूने आपल्या शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेतील भाकरीच्या विनंतीवरून ठेविलेले आहे. वर्ध्याचा एक ब्राह्मणपुत्र परक्या देशातील कष्टकऱ्यांच्या पंगतीत बसून भाकर मोडतो, हे दृश्य आपल्या मंडळ्यांस विचार करावयास लावील असे आहे. आपल्याकडे कोण कोणाबरोबर जेवितो ह्या एका प्रश्नावरून किती घरे फुटली व किती गावे विभागली, हे आपण जाणतो.

१९३६ साली त्यांनी जीन सिंडिक नावाच्या बेल्जियन बाईंशी विवाह केला, आणि त्यांस दोन मुली झाल्या. स्वदेश मात्र दुरावलेलाच राहिला. त्यांनी घर सोडल्यास चाळीस वर्षे होत आली तरी इंग्रजी अमलात त्यांस परत येण्याची वाट नव्हती. देश १९४७ साली स्वतंत्र झाल्यावर ती वाट मोकळी झाली. पुढे ते नागपुरास येऊन राहिले, आणि तेथेच २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्या मुलखातून एक संतप्त तरुण निघून गेला होता, त्या मुलखात एक वृद्ध कृषिशास्त्रज्ञ परत आला.

प्रिय वाचकहो, खानखोजे ख्रिस्ती नव्हते; त्यांस आपल्या पंथाचे म्हणून मिरविणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांनी शस्त्र उचलिले हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु यशया संदेष्ट्याने जो काळ पाहिला, ज्यात तरवारींचे फाळ होतात, त्याची एक लहानशी छाया ह्या चरित्रात दिसते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याचे स्वतःचे कार्य मोडले, ज्याचे मित्र मेले, ज्यास मायदेशी पाऊल टाकिता येत नाही, त्या माणसास कडवट होऊन बसण्यास सबळ कारण होते. ते बसले नाहीत. समोर जो भुकेला दिसला तोच आपला शेजारी, असे समजून त्यांनी हात कामास लाविले. शोमरोनी मनुष्याचा दाखला आपण किती वेळा सांगतो! वाटेवर पडलेला मनुष्य आपल्या जातीचा आहे की नाही हे त्या शोमरोन्याने पाहिले नाही. उपदेशक बंधूंनी ह्या चरित्राशी तो दाखला ताडून पाहावा.

आणि शेतकरी बंधूंनी ह्यातून एक साधे काम उचलावे. पुष्कळ घरी मक्याचे, नाचणीचे किंवा भाताचे बी खळ्यावरच्या राशीतून उचलून ठेवितात. राशीत सर्व दाणे सारखे दिसतात. ते कोणत्या ताटाचे हे कोणी सांगू शकत नाही. तसे न करिता पीक उभे असताना शेताच्या मध्यभागी फिरावे. बांधालगतचे किंवा विरळ जागी एकटेच माजलेले ताट सोडून द्यावे. शेजारच्या झाडांशी बरोबरीने झगडून जे निरोगी वाढले, पावसावाऱ्यात आडवे झाले नाही, आणि ज्याचे कणीस नीट भरले, त्यास खूण बांधावी. बी त्याचेच राखावे. दर वर्षी असे केले तर फळ हळूहळू दिसते. ह्यास पैसा लागत नाही. डोळे आणि धीर लागतो.

येत्या नाताळात मंदिराच्या दारी लाल पानांच्या फांद्या लागतील. मुलांनी हे झाड कोठून आले असे विचारिले तर त्यांस मेक्सिको देशाचे नाव सांगावे, आणि त्या देशाच्या भुकेल्या शेतकऱ्यांसाठी आपल्या मुलखातील एका मनुष्याने काय केले तेही सांगावे. फांदी लावून जुनेच झाड वाढते. बी मातीत गेल्यावाचून नवे काही उगवत नाही. खानखोजे ह्यांची एक आशा अशीच मातीत गेली, आणि तिच्यापासून परक्यांच्या घरी भाकर निर्माण झाली.