कर्मवीर दादासाहेब गायकवाड : देवळाच्या दारापासून गायरानाच्या बांधापर्यंत

विहाराच्या वर्धापनदिनी परमपूज्य बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांची आठवण निघाली की पहिलं नाव ओठावर येतं ते कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचं. आजच्या पोरांना हे नाव फार तर एका सरकारी योजनेच्या फॉर्मवर दिसतं. पण ज्यांच्या घरातलं कुणी गायरानासाठी जेलात जाऊन आलं, त्यांना दादासाहेब म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. घर साधं, खेड्यातलं. तरुणपणीच ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले आणि नाशिकचं काम त्यांच्यावर सोपवलं गेलं. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. बाबासाहेबांना मुंबईची, लंडनची कामं होती. नाशिकला ठाण मांडून, लोकांना धीर देऊन, पैपैचा हिशोब ठेवून पाच वर्षं हा लढा चालता ठेवला तो दादासाहेबांनी. त्या काळात बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने निघाली. दोघांत किती विश्वास होता ते त्यातून कळतं.

देवळाचं दार काही उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि मंदिराचा प्रश्न मागे पडला. 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. 1937 च्या निवडणुकीत दादासाहेब नाशिक जिल्ह्यातून मुंबई इलाख्याच्या विधिमंडळावर निवडून आले. ज्या माणसाला देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते, तो माणूस कायदा करणाऱ्या सभागृहात जाऊन बसला! तिथं बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं आणि महार वतनाचं विधेयक आणलं. वतन हा शब्द ऐकायला मोठा. पण त्याचा अर्थ तुकडाभर इनाम जमीन आणि मूठभर बलुत्याच्या बदल्यात दिवसरात्र गावाची आणि सरकारची राबणूक. ते जोखड कायद्याने सुटायला पुढे 1958 साल उजाडावं लागलं.

इथंच दादासाहेबांच्या आयुष्यातली मुख्य गोष्ट आहे. विधिमंडळात बसून त्यांना एक कळून चुकलं, की कायदा कागदावर होतो पण जमीन गावात असते. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला गावात शब्द नाही. मजुरीसाठी ज्याच्या दारात जायचं, त्याच्याविरुद्ध साक्ष तरी कशी द्यायची? म्हणून भूमिहीनांना पडीक आणि गायरान जमीन मिळावी, हा त्यांनी जन्माचा ध्यास घेतला.

या लढ्यात आपला मराठवाडा मागे नव्हता, उलट पुढे होता. आपला भाग हैदराबाद राज्यात असतानाच, 1953 साली, इथल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या लोकांनी जमिनीसाठी सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दादासाहेब 1957 साली नाशिकहून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. 1959 साली त्यांनी भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह उभा केला. 1962 ते 1968 ते राज्यसभेत होते. तरी 6 डिसेंबर 1964 रोजी देशभर जो सत्याग्रह सुरू झाला, त्याचे पुढारी तेच. तीन लाखांहून अधिक माणसं तुरुंगात गेली, बायाबापड्या कडेवर लेकरं घेऊन गेल्या. मागण्या काय होत्या? भूमिहीनांना पडीक जमीन, किमान वेतन, स्वस्त धान्य, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती.

दादासाहेबांवर टीकाही झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. सुशिक्षित मंडळींनी त्यांच्या धोतराला नावं ठेवली, जमिनीचा प्रश्न म्हणजे कम्युनिस्टांचा प्रश्न असं हिणवलं. पक्ष फुटला. 1967 च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला, तो अनेकांना रुचला नाही आणि त्याने पक्षाची ताकद वाढली असंही म्हणता येत नाही. पण धोतर नेसणाऱ्या या माणसाच्या मागे खेड्यातला मजूर चालत होता, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता आलं नाही. 1968 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मागण्यांचं पुढे काय झालं? संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लागलं 1990 साली. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही 1990 सालीच. दोन्ही बघायला दादासाहेब नव्हते. गायरानावरची 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने 1991 साली घेतला. पण निर्णय झाला म्हणून सगळ्यांच्या नावावर जमीन झाली, असं नाही. तीस-तीस वर्षं कसूनही सातबारा कोरा, अशी माणसं मराठवाड्यात गावोगाव भेटतात.

2004 पासून दादासाहेबांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांमधल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची, असा तिचा हेतू. 2018 पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. अडचण एवढीच की सरकारी भावात जमीन विकायला मालक सहजी तयार होत नाही.

विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी अडलं, उपसा होऊन रानोमाळ गेलं. चांगलंच झालं. पण पाणी ज्याच्या रानात जायचं, त्याच्या नावावर आधी रान असावं लागतं. हे दादासाहेबांनी धरणाच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. तेव्हा जयंतीला त्यांच्या फोटोला हार घालतानाच आपल्या वस्तीतल्या एका तरी भूमिहीन कुटुंबाचे कागद गोळा करून तहसीलला नेऊन द्यावेत. दादासाहेबांना ते हारापेक्षा जास्त आवडलं असतं.

कर्मवीरांना विनम्र अभिवादन. जयभीम!