विश्लेषण : ‘थ्री नॉट थ्री’मागचा घड्याळजी! कोण होते जेम्स पॅरिस ली?

जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्या आणि रेंजवर नेऊन चालवणाऱ्या शौकिनांमध्ये ली-एनफिल्डचा मान मोठा. आपल्याकडे ती पोलीस शिपायाच्या खांद्यावरची ‘थ्री नॉट थ्री’. यातले एनफिल्ड म्हणजे लंडनजवळचा सरकारी कारखाना. ली मात्र इंग्रज नव्हते, सैनिकही नव्हते.

घड्याळांकडून बंदुकांकडे…

१८३१ मध्ये स्कॉटलंडमधील हॉइक येथे जन्मलेले ली लहानपणीच कुटुंबासह कॅनडात गेले. तिथे घड्याळदुरुस्ती शिकले, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले. यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ मध्ये अमेरिकी लष्कराने त्यांच्याकडे हजार कार्बाइन मागितल्या. पण कॅलिबरवरून वाद होऊन माल नाकारला गेला.

एका पेटीची करामत

तेव्हाच्या अनेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक राहत. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकली, तर धक्क्याने स्फोटाची भीती. ली यांनी १८७९ मध्ये वेगळ्या रचनेचे पेटंट घेतले : बोल्टखाली काढता-घालता येणारी पेटी, त्यात एकावर एक काडतुसे आणि त्यांना वर ढकलणारी स्प्रिंग. घड्याळाच्या कमानींत हात मुरलेल्या माणसाला हे सुचावे, यात नवल नाही.

मेटफर्ड गेले, ली राहिले

ब्रिटनने १८८८ मध्ये ली यांचा बोल्ट व पेटी आणि मेटफर्ड यांच्या उथळ खाचांची नळी एकत्र केली. कॉर्डाइटच्या उष्णतेपुढे त्या खाचा लवकर झिजू लागल्या. १८९५ मध्ये एनफिल्डच्या खोल खाचा आल्या, मेटफर्ड हे नाव गेले. ली १९०४ मध्ये अमेरिकेतच वारले. त्यांच्या रायफलीची दोन महायुद्धे अजून व्हायची होती.

भारतात काय उरले?

पश्चिम बंगालमधील ईशापूर कारखान्याने १९६२ च्या युद्धानंतर हीच रचना ७.६२ मिमी काडतुसासाठी वापरली. ‘ईशापूर’ रायफल आज अमेरिकी संग्राहकांकडे आढळते. भारतात .३०३ बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध. मात्र परवान्यावर मिळणाऱ्या सरकारी कारखान्याच्या.३१५ रायफलीत बोल्ट ली यांच्याच धाटणीचा असतो.

बोल्ट आणि रायफलीच्या अंगावरचा क्रमांक जुळतो का, हे जाणकार आधी पाहतात. बोल्ट त्या-त्या रायफलीला घासून बसवलेला असे. दुसरीचा बोल्ट घातला, तर काडतुसामागे फट राहून ते चेंबरमध्येच फुटू शकते.