माहितीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे?

रुग्णालयात केसपेपर काढणाऱ्या कर्मचाऱ्याला रुग्णाचे नाव, वय, पत्ता दिसायला हवा. त्याच्या एचआयव्ही चाचणीचा निकाल दिसण्याची गरज नाही. औषध देणाऱ्याला डॉक्टरांनी लिहिलेली औषधे वाचता यावीत, पण बदलता येऊ नयेत. संगणकावर ही विभागणी आज ज्या पायावर उभी आहे, तो घालणारे गणिती म्हणजे एडगर कॉड.

त्यांचा जन्म १९२३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंडचा. ऑक्सफर्डला गणित व रसायनशास्त्र शिकलेले कॉड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये ते न्यूयॉर्कला जाऊन आयबीएम कंपनीत रुजू झाले. पुढे सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाला वैतागून त्यांनी काही वर्षे कॅनडात काढली.

त्या काळी संगणकातील माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली असे. हवी ती नोंद गाठण्याची वाट प्रोग्रॅमरलाच ठाऊक. १९७० मध्ये कॉड यांनी सारी माहिती साध्या तक्त्यांत मांडण्याची कल्पना सुचवली. नोंद कुठे साठवली आहे हे ठाऊक नसले तरी चालेल, काय हवे ते सांगितले की पुरे! कंपनीची जुनी प्रणाली मात्र चांगला पैसा मिळवून देत होती. त्यामुळे नव्या कल्पनेचे स्वागत थंडच झाले.

माहिती मिळणे सोपे झाले, की ती कोणी पाहावी हा प्रश्न येतोच. कॉड यांच्या कल्पनेवर आयबीएमने सॅन होजे येथे ‘सिस्टिम आर’ प्रकल्प उभारला. तेथील पॅट्रिशिया ग्रिफिथ्स व ब्रॅडफोर्ड वेड यांनी १९७६ मध्ये त्यावरचा उपाय प्रसिद्ध केला. तक्ता तयार करणारा त्याचा मालक. ‘ग्रँट’ या आज्ञेने तो दुसऱ्याला वाचण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार देतो, ‘रिव्होक’ने काढून घेतो. अधिकार पुढे देण्याची मुभाही देता येते. पण मधल्या माणसाचा अधिकार गेला, की फक्त त्याच्याकडून मिळालेले पुढचे अधिकारही जातात. मोजकेच रकाने दाखवायचे असतील, तर ‘व्ह्यू’ची सोय आहे.

कॉड यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये फ्लोरिडात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

ही सारी व्यवस्था एका सवयीपुढे मात्र हतबल ठरते. एकच पासवर्ड सगळा वॉर्ड वापरू लागला, की कोणी काय पाहिले हे संगणकाला कळत नाही. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपायची, तर ज्याचा पासवर्ड त्यानेच वापरावा.