विशुद्धिमार्गाची चाळीस वर्षे : धर्मानंद कोसंबी

गोव्यातील सांखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांच्या वाट्याला शाळा फारशी आली नाही. प्रकृती नाजूक, घरची स्थिती बेताची आणि माडांच्या बागायतीची जबाबदारी अंगावर, अशात त्यांचे तारुण्य चालले होते. ‘बालबोध’ या मराठी मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाचा धर्म मुळातून समजून घेण्याची ओढ त्यांना लागली. मूळ ग्रंथ पाली भाषेत होते आणि पाली शिकवणारे जवळपास कोणी नव्हते. १८९९ च्या अखेरीस, पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून, त्यांनी घर सोडले. या निर्णयाची झळ घरच्यांनी दीर्घकाळ सोसली.

पुणे, ग्वाल्हेर असा प्रवास करून ते काशीला पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे नेपाळ व बोधगया करून १९०२ मध्ये सिंहलद्वीपातील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांचे पालीचे अध्ययन सुरू झाले. त्यानंतर ते ब्रह्मदेशात राहिले. तेथील ग्रंथ सिंहली आणि ब्रह्मदेशी लिपींत होते. या दोन्ही लिपींशी झालेली ओळख पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

परतल्यावर कलकत्त्यात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. परंतु हे ज्ञान आपल्या मराठी माणसांपर्यंत पोहोचावे, ही तळमळ मोठी होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून लेखन करण्यासाठी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, तेव्हा अधिक वेतनाची नोकरी सोडून त्यांनी ते स्वीकारले.

याच काळात हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९१० मध्ये तेथून बोलावणे आले. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाचव्या शतकातील ग्रंथ बौद्ध साधनामार्गाचे सर्वांत व्यवस्थित विवेचन मानला जातो. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने ब्रह्मदेशी व सिंहली पोथ्यांवरून त्याची संहिता सिद्ध करण्यास प्रारंभ केला होता. पण १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले.

असे संशोधन बाहेरून नीरस दिसते. पोथ्यांतील पाठ शब्दागणिक ताडून पाहायचे, नकलकाराचा हात कोठे चुकला ते ओळखायचे, ग्रंथकाराने घेतलेले वचन त्रिपिटकात नेमके कोठे आहे ते शोधायचे. विद्यापीठाने जमवलेली साधने हाताशी असली, तरी ती वाचणारा डोळा स्वतःच कमवावा लागतो. कोसंबी यांनी तो विहारांतून कमावला होता.

तेथेही अडचण उभी राहिलीच. मुखपृष्ठावरील श्रेय कोणाचे, यावरून ग्रंथमालेचे संपादक चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. स्वाभिमानी कोसंबी १९१२ मध्ये मायदेशी परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पण ग्रंथाशी त्यांनी वैर धरले नाही. १९१८ मध्ये ते मुलगी माणिक व मुलगा दामोदर यांना घेऊन पुन्हा गेले, त्यानंतर १९२६ मध्ये आणि १९३१ मध्येही गेले. मधल्या काळात गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगवासही पत्करला.

अमेरिकेतील छपाई रेंगाळली, तेव्हा त्यांनी स्वतः सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. आपल्या लिपीत हा ग्रंथ वाचण्याची सोय त्यामुळे झाली.

जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये, ग्रंथमालेचा एकेचाळिसावा खंड म्हणून बाहेर पडली. तिच्यावर वॉरन यांच्या नावासोबत संशोधक म्हणून धर्मानंदांचे नाव आहे. ते पाहण्यास मात्र ते नव्हते. त्याच मालेचा बेचाळिसावा खंड, ‘सुभाषितरत्नकोश’, १९५७ मध्ये निघाला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक होते दामोदर धर्मानंद कोसंबी. सांखवाळच्या माडांतून निघालेल्या वडिलांचे आणि त्यांच्या मुलाचे काम त्या मालेत आज शेजारी शेजारी उभे आहे.