डॉक्टर रखमाबाई

मंडळींतील उपदेशकांस जे घरगुती तंटे मिटवावे लागतात, त्यांत मुलगी नांदावयास जात नाहीं हा तंटा नेहमींचाच. अशा एका तंट्यापायीं ज्यांचें नांव हिंदुस्थानांत व विलायतेंतही गाजलें, त्या डॉक्टर रखमाबाईंचें चरित्र आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालीं मुंबईस झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदीं लहान असतांनाच वारले. आई जयंतीबाई यांनीं पुढें डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार जातींत तशी मोकळीक होती. अकराव्या वर्षीं रखमाबाईंचें लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशीं लाविलें गेलें. तथापि त्या सासरीं राहावयास गेल्या नाहींत. माहेरींच राहून, मिशनच्या पुस्तकालयांतून पुस्तकें आणवून, त्यांनीं आपलें शिक्षण चालविलें.

१८८४ सालीं दादाजींनीं मुंबई हायकोर्टांत दावा लाविला कीं, बायकोस आपल्या घरीं येण्याचा हुकूम व्हावा. न्यायमूर्ति पिन्हे यांनीं १८८५ सालीं तो फेटाळिला. अजाणपणीं लग्न लाविलेल्या व पतीबरोबर कधींही न राहिलेल्या स्त्रीस बळेंच त्याच्या स्वाधीन करणें त्यांस क्रूरपणाचें वाटलें. या निकालानें मोठी खळबळ उडाली. केसरीसारख्या पत्रांनीं रखमाबाईंवर कडक टीका केली. एक बायको नवऱ्यास नाहीं म्हणूं लागली तर उद्यां घर राहणार नाहीं, आणि घर मोडलें कीं समाज व देशही मोडेल, असें पुष्कळांस भय वाटलें. तुरुंगाच्या धाकानें बांधून ठेविलेल्या घरावर देश किती दिवस उभा राहील, हा प्रश्न मात्र थोड्यांनाच सुचला.

येथें आम्हां ख्रिस्ती लोकांस जरा खालीं पाहावें लागतें. ज्या दाव्याच्या बचावासाठीं धर्माची दुहाई दिली जात होती, तो दावा मुळांत शास्त्रांतला नव्हता. तो इंग्लंडांतील चर्चच्या न्यायालयांतून इकडे आला. आणि खुद्द इंग्लंडांत, असा हुकूम मोडणारास तुरुंगांत घालण्याची चाल १८८४ सालींच, म्हणजे दादाजींनीं दावा लाविला त्याच वर्षीं, बंद झाली होती!

पुढें अपिलांत पिन्हे साहेबांचा निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजीं न्या. फॅरन यांनीं हुकूम केला कीं, महिन्याच्या आंत पतीच्या घरीं जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. दादाजींस वाटेल तेव्हां दुसरी बायको करण्याची मुभा होती. रखमाबाईंस त्या लग्नांतून सुटण्यास कोणतीच वाट नव्हती. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली व तुरुंग टळला.

१८८९ सालीं डॉ. ईडिथ पीची वगैरे हितचिंतकांच्या साह्यानें त्या विलायतेस गेल्या, आणि १८९४ सालीं ब्रुसेल्स येथें एम. डी. झाल्या. मग सुरत व राजकोट येथें बायकांच्या इस्पितळांत त्यांनीं अनेक वर्षें सेवा केली. १९०४ सालीं दादाजी वारले, तेव्हां रखमाबाईंनीं विधवेचा वेष धारण केला. ज्या लग्नास त्यांनीं जन्मभर नाकारिलें त्याचें हें सुतक त्यांनीं कां पाळिलें, हें आम्हांस उमगत नाहीं. पण त्या घर मोडणाऱ्या होत्या असें म्हणणारांनीं याचा विचार करावा.

या हुकुमासाठीं कैदेची शिक्षा आपल्या देशांत १९२३ सालीं रद्द झाली. २५ सप्टेंबर १९५५ रोजीं रखमाबाई वारल्या. त्याच वर्षीं झालेल्या हिंदु विवाह कायद्यानें एकपत्नीत्व व घटस्फोट दिला, परंतु नववें कलम घालून हा जुना दावा कायम ठेविला. इंग्लंडनें तो १९७० सालीं टाकून दिला. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या कायद्याचें काय? त्याप्रमाणें पतीस पत्नीचा व्यभिचार एवढेंच कारण सुटकेस पुरे होई. पत्नीस मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा दोन वर्षांचा त्याग असें आणखी कांहीं दाखवावें लागे. हा भेद २००१ सालीं गेला. नांदावयास आणण्याचें बत्तिसावें कलम अजून तेथेंच आहे.